अकरा पूर्णांक नऊ

मोराची शेपूट उघडायला गेलं की माझा कॉम्प्युटर झोपतो.
चोवीसशे हुकांचं डिझाइन, आठ रंग,
आणि याच्या पोटात चार जीबी.
मालक म्हणतात, नवीन मशीन दिवाळीनंतर.
कुठली दिवाळी, ते सांगत नाहीत.

म्हणून ख्वाजाभाई नदाफ आले भर दुपारी
अक्कलकोट रोडवरून, डोक्यावर ओला टॉवेल,
आमच्याच मागावरचा, सेकंड माल,
आणि खिशातून काढली शेंगदाण्याच्या पुडीसारखी
वर्तमानपत्रात गुंडाळलेली रॅम. आठ जीबी.
"ही सोळाशेची हाय ताई. तुमची तेराशे तेहतीस.
कंपनी बी वेगळी. बसली तर बसली."

मला नाही आवडत असं.
एका ताण्यात वीस आणि चाळीस नंबरचं सूत
कुणी भरत नाही. बारीक आधी तुटतं
आणि जाडाला वाटतं, आपण मजबूत.
दोन लॉटचा तांबडा मिसळला
तर दुकानात सारखाच दिसतो,
पहिल्या धुण्यात पट्टे बोलायला लागतात.
हे सगळं मी बोलले. ते स्क्रू काढत होते.

मग मी कागद उलगडला.
हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यात गुलबाशी ठिपका.
नेलपॉलिशचा. माझा.
चिलवेरींच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या मशीनमध्ये
हिच्यासारख्या दोन होत्या.
साफ करताना कुठली कुठल्या खाचेतली
घोटाळा नको, म्हणून लावलेला,
नणंदेच्या लग्नाच्या आठवड्यात.
अकरा वर्षं बसले मी तिथं.
माग किलोवर गेले. टेबलं, पंखे, कॉम्प्युटर
एकाच टेम्पोत, वरून दोरी.

"हिच्यात आमचं काही राहिलं असेल का हो?
त्या वेली, कोयऱ्या,
हत्तींची किनार, ऑर्डर रद्द झाली ती?"
ते हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं.
"ते हार्डडिस्कमधी असतंय ताई. ही रॅम.
लाइट गेली की कोरी.
तवाबी रोज रात्री कोरीच व्हायची.
तुमाला कळत नव्हतं, एवढंच."

पहिल्यांदा नुसती शिट्टी.
एक लांब, थांबून परत एक लांब,
पडदा काळा.
त्यांनी माझा खोडरबर मागितला,
सोनेरी दात घासले, फुंकर मारली,
खाचा बदलल्या, बिस्मिल्ला म्हणाले.
मी मनात सिद्धरामेश्वर म्हटलं.
मिसळायचंच आहे तर मिसळू दे.
अंगठ्यानं दाबलं. टक्.
दुसऱ्या टोकाला टक्.

उठला.

चार आणि आठ बारा भरले,
पडदा दाखवतो अकरा पूर्णांक नऊ.
उरलेलं कुठं गेलं?
"बोर्ड खातंय थोडं. मजुरी."
वेग दोघींचा तेराशे तेहतीस.
म्हणजे ही सोळाशेनं पळणारी
माझ्या जुनीच्या चालीनं चालणार आता.
"असंच असतंय. पळणारी थांबती.
थकलेलीला पळ म्हटलं की हँग."
तीनशे रुपये घेतले, चहा नको म्हणाले, प्यायले.

रात्रभर तपासणी लावून ठेवली.
खाली बारा मागांची खडखड,
वर काळ्या पडद्यावर आकडे सरकत होते
आणि मी घरी जायचं टाळत होते.
सकाळी, चुका शून्य.
गुरुवारी चार वाजता मात्र पडदा एकदम निळा,
अर्धं पीस गेलं.
ख्वाजाभाई फोनवर म्हणाले, "उन्हाचं असंल."
त्यानंतर नाही झालं.
झालं तर त्यांना सांगणार नाही बहुतेक.

मोर उघडतो आता.
सातव्या पिसाला अडखळतो थोडा,
तिथं मी पाणी पिऊन घेते.

बाजूचं झाकण अजून लावलेलं नाही.
त्रेचाळीस डिग्री आहे बाहेर, हवा लागू दे त्याला,
असं मालकांना सांगितलंय.
खाली वाकलं की
तो ठिपका दिसतो.